गालिचा की फरशी: घराची जमीन ठरवताना

ठाण्याच्या आमच्या घरात झोपायच्या खोलीत मी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घेतला होता. आईचे गुडघे दुखायचे, थंडीत मोझाइकवर पाय टेकवत नव्हता, आणि दुकानातल्या नमुन्यावर पाय ठेवल्यावर तिचा चेहरा खुलला होता. दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या पावसाळ्यात कपाटाच्या बाजूने कुबट वास यायला लागला. एका रविवारी पलंग सरकवला आणि गालिच्याचा कोपरा उचलला. तळाचा रबरी थर पिठासारखा बोटांना लागला. खाली लादीवर काळ्या बुरशीचे रुपयाएवढे गोल उठले होते आणि भिंतीलगत वीतभर पट्टा ओला होता. बाहेरच्या भिंतीत बारीक चीर होती, तिच्यातून पाणी झिरपत होतं. लादी उघडी असती तर ती ओल पहिल्याच पावसाळ्यात दिसली असती. गालिच्याने ती तीन वर्षं झाकून ठेवली.

त्यानंतर आमच्या घराची आणि नात्यातल्या दोन घरांची जमीन मी उभं राहून करून घेतली. त्यातून जे मत बनलं ते आधीच सांगते. मुंबई-ठाणे, कोकण, गोवा अशा दमट भागात कायमची बसवायची ती कडक फरशी. मऊपणा हवा असेल तर तो उचलून उन्हात टाकता येईल असा असावा. पुणे, नाशिक, विदर्भ, मराठवाडा इथे हवा बरीच कोरडी असते, तिथे गालिच्याला थोडी जास्त मोकळीक आहे, पण तिथली धूळ विसरून चालत नाही. आता क्रमाने बघू.

पहिली पायरी: आठवडाभर घराकडे बघा

दुकानात जायची घाई करू नका. एक वही घ्या आणि खोलीवार लिहा: इथे पाणी सांडतं का, जमिनीवर कोण बसतं, कोण झोपतं, चपला घालून कोण येतं, खाली कोण राहतं. आपल्या घरात जमीन नुसती चालायला नसते. आपण तिच्यावर मांडी घालून भाजी निवडतो, पाहुणे आले की पंगत बसवतो, पापड वाळवतो, उन्हाळ्यात तिच्यावरच आडवे होतो. लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. रोज पुसायच्या घरात चिकटवलेला गालिचा मुळात बसत नाही, कारण तो पुसता येत नाही.

माझी बहीण ब्रिटनमध्ये राहते. तिच्या घरात वरच्या सगळ्या खोल्यांत गालिचा आहे आणि तिथे तो योग्यच आहे. खाली लाकडी तक्तपोशी, त्यामुळे पावलांचा आवाज खालच्या खोलीत जातो, आणि हिवाळ्यात हीटर चालू असल्याने घरातली हवा कोरडी राहते. आपल्याकडे पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. गालिच्यात, गाद्यांत राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असली की वाढतात. दमा किंवा सकाळी उठल्यावर शिंकांची माळ असणारं कुणी घरात असेल, तर झोपायच्या खोलीत कायमचा गालिचा नकोच. यावर मी तडजोड सुचवणार नाही.

घरात वॉकर किंवा चाकांची खुर्ची असेल, तर उंच लवीचा गालिचाही बाद. चाक रुततं, पाऊल अडखळतं.

दुसरी पायरी: पायाखाली आधीच काय आहे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि हजारो रुपये राडारोड्यात घालवतात. १९९० च्या आधीच्या इमारतीत राहत असाल तर तुमच्या पायाखाली बहुधा मोझाइक, सिमेंटची लादी, शहाबादी किंवा कोटा असेल. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ साली सुरू झाली. त्या काळापासूनच्या सिमेंट लाद्या अजून कित्येक जुन्या घरांत शाबूत आहेत. मोझाइक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे. रंग त्याच्या नुसत्या पृष्ठभागावर नसतो, म्हणून घासलं की खालून नवा थर वर येतो. मशीनने तीन-चार टप्प्यांत घासून पॉलिश केलं की तीस-चाळीस वर्षांची लादी लखलखते. आमच्याकडे गालिच्याचा गोंद चिकटलेली लादी अशीच परत मिळाली. दोन दिवस घरभर राखाडी चिखल होता, तेवढाच त्रास.

नाणं घ्या आणि प्रत्येक लादीवर चार कोपऱ्यांत व मध्ये वाजवा. भरीव, टणक आवाज आला तर खाली सिमेंटचा माल भरलेला आहे. बोदा आवाज आला तर पोकळी आहे, तिथे खडूने फुली मारा. फुल्या मोजक्या असतील तर तेवढ्याच लाद्या काढून बसवा. अर्ध्याहून अधिक असतील तर मात्र सगळी उखडण्याचा विचार करा.

भिंतीच्या कडेला पांढरी पूड, फुगलेला रंग किंवा ओल दिसली तर जमिनीचं काम थांबवा. आधी गळती शोधा. ओल तशीच ठेवून वर काहीही घातलं तरी ते टिकत नाही.

तिसरी पायरी: कडक फरशीतली निवड

मुंबईकर लादी म्हणतात, पुणेकर फरशी, दुकानदार टाइल. पण या शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू येतात.

दगडापासून सुरुवात करू. शहाबादी दगड कर्नाटकातल्या शहाबादहून येतो, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून. हे तिन्ही चुनखडीचे दगड. मजबूत आहेत, उन्हाळ्यात गार राहतात, खरखरीत पृष्ठभागाचे घेतले तर पाय सरकत नाही. पण चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, व्हिनेगर यांतलं काही सांडून राहिलं की चकाकी जाते आणि तिथे फिका डाग पडतो. संगमरवरही त्याच कुळातला, म्हणून पांढरा मकराना स्वयंपाकघरात घालू नका. हळद त्याच्या अंगात मुरते. संडास धुण्याचं ॲसिड या सगळ्या दगडांना खातं, ते लादी पुसायच्या बादलीत कधीही घालू नये. ग्रॅनाइट वेगळा, त्याला आंबटाचं फारसं भय नाही. पण गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की घसरडा होतो.

आता टाइल. यांतल्या बऱ्याचशा गुजरातेतल्या मोरबीहून येतात. दुकानात एकच प्रश्न ठासून विचारा: पाणी किती शोषते? व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी पिते. साधी सिरॅमिक त्याहून बरीच जास्त, आणि भिंतीची टाइल तर १० टक्क्यांच्या वर. भिंतीची टाइल स्वस्त म्हणून कुणी जमिनीला सुचवली तर सरळ नाही म्हणा, वजनाखाली ती तडकते.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. डबल चार्जमध्ये वरचा रंगीत थर साधारण ३ मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं पावलं पडली तरी नक्षी जात नाही. वर्दळीच्या दिवाणखान्याला ती उत्तम. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडवर छापील नक्षी असते, म्हणून लाकूड, दगड, काहीही हुबेहूब दिसतं. पण वरचा थर पातळ असतो. खुर्ची रोज सरकते तिथे काही वर्षांत घासल्याच्या खुणा दिसतात. खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावले तर हे बरंच टळतं, आणि खालच्या शेजाऱ्यांची झोपही वाचते.

लाकडासारख्या लॅमिनेटबद्दल लोक मला सारखं विचारतात. ते दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीवर बसवलेलं असतं. सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात, आणि फुगलेली कड परत बसत नाही. ओल्या फडक्याने रोज पुसणाऱ्या घरात मी ते घालणार नाही. लाकडाचा भास हवाच असेल तर एसपीसी बघा. त्यात दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक असतं, ते पाण्याने फुगत नाही, पट्ट्या एकमेकींत अडकवून बसतात आणि जुनी लादी सपाट असेल तर तिच्यावरच घालता येतात. भाड्याच्या घरात, किंवा गवंडीकाम नको असेल तेव्हा हा चांगला उपाय आहे. लॅमिनेट असो की एसपीसी, भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडायला लावा. उष्णतेने किंवा दमट हवेने पट्ट्या ताणतात, जागा मिळाली नाही तर मधून उचलल्या जातात. फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते. लॅमिनेटचे खोके कामाच्या दोन दिवस आधी त्याच खोलीत आणून ठेवा.

चौथी पायरी: ओला पाय लावून बघा

दुकानातला प्रकाश, एसी आणि कोरडी टाइल यांवर निर्णय घेऊ नका. आईला मी टाइल दाखवायला नेलं तेव्हा सोबत पाण्याची बाटली नेली होती. दुकानदाराला विचारून तीन नमुने जमिनीवर ठेवले, पाणी ओतलं, थोडा साबण चोळला. आईने माझा दंड धरला, चप्पल काढली आणि एकेकावर पाऊल ठेवलं. मला आवडलेल्या चकचकीत नमुन्यावर तिचा अंगठा आपोआप आत वळला. "पाय ठरत नाही गं इथे," एवढंच म्हणाली. तो नमुना तिथेच राहिला.

खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असा आकडा सापडतो. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. ओल्या जागी आर १० किंवा आर ११ बघा. मात्र ही चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर होते. अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. न्हाणीघरासाठी त्यातली बी किंवा सी मिळाली तर बरं. आकडा काहीही असो, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा पाय हीच शेवटची चाचणी. खूप खडबडीतही नको, खाचांत साबण आणि मळ बसतो आणि तोच पुढे निसरडा होतो.

पाचवी पायरी: मऊपणा कुठे आणि कसा

थंडीत लादी गार लागते ती खोलीपेक्षा थंड असते म्हणून नाही. दगड पावलातली ऊब भराभर ओढून घेतो, लोकर किंवा सूत घेत नाही. त्यामुळे सगळी जमीन झाकायची गरजच नसते. पलंगावरून पाय जिथे टेकतो तिथे दोन बाय पाच फुटांची सतरंजी घातली की आईचं काम भागतं. देवापुढे बसायला घोंगडी, दिवाणखान्यात मधोमध गालिचा, पंगतीला पट्ट्या. रात्री घडी करून ठेवा, आठवड्यातून एकदा गॅलरीत झटका.

रांगत्या बाळासाठी जाड सुती सतरंजीच घ्यावी. ती ६० अंशांच्या गरम पाण्यात धुता येते, आणि त्या तापमानाला धुळीतले किडे मरतात. धुतल्यावर थोडी आटते, म्हणून मोठ्या मापाची घ्या.

गालिचा विकत घेताना तो उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते, एकेक गाठ मोजता येते. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हाताने बनवलेल्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, काश्मिरी गालिचेही प्रसिद्ध आहेत. मागे कापड किंवा रबर चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे लव टोचून गोंदाने धरलेली. स्वस्त पडतो, पण दमट हवेत तो गोंद आणि रबर सुटायला लागतं. आमच्या खोलीत तेच झालं. मग गालिचा दुमडा: लवीच्या मुळाशी तळ उघडा दिसला तर वीण विरळ आहे, लवकर चपटा होईल. अंगठ्याने दाबून सोडा, लव लगेच उभी राहिली पाहिजे.

धागाही विचारा. पॉलिप्रॉपिलीनला डाग कमी लागतात, पण उदबत्तीचा निखारा किंवा पणती पडली तर ते वितळतं. लोकर सहसा पेट घेत नाही आणि ऊबही देते, पण तिला कसर लागते. लोकरी गालिचा आणि घोंगडी पावसाळ्याआधी कडक उन्हात दोन दिवस वाळवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून सुती चादरीत गुंडाळा आणि पलंगाखाली न ठेवता उंचावर ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात परत काढा.

सतरंजी किंवा छोटा गालिचा गुळगुळीत लादीवर तसाच घालू नका. खाली जाळीदार रबरी पट्टी हवी. आणि कोपरा वर वळलेला गालिचा म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत एक दिवसही राहू देऊ नका. कोपरे सरळ होत नसतील तर तो काढून टाका.

सहावी पायरी: मोजमाप

१० बाय १२ फुटांची खोली घेऊ. जमीन १२० चौरस फूट, म्हणजे गवंड्याच्या भाषेत सव्वा ब्रासच्या आसपास (१०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास). भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, दाराचे ३ वजा केले की ४१. चार इंची स्कर्टिंग धरली तर आणखी सुमारे १४ चौरस फूट. झाले १३४. त्यावर कापाकापीचे ८ टक्के धरा, म्हणजे साधारण १४५. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या चार टाइलच्या खोक्यात १५.५ चौरस फूट माल असतो. म्हणून १० खोकी. तिरकी मांडणी असेल तर एक खोकं जास्त. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेडचा क्रमांक एकच आहे ना, हे टेंपोतून उतरवतानाच बघा. एकदा माल लागला की दुकानदार परत घेत नाही.

सातवी पायरी: काम करून घेताना

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि राडारोडा कोण नेणार हे आधी ठरवा. जुनी लादी न उखडता तिच्यावर नवी घालायची असेल तर ती चिकटवायच्या मालाने, म्हणजे टाइल ॲडहेसिव्हनेच घाला, सिमेंट-वाळूचा नवा थर टाकू नका. त्या १२० चौरस फुटांच्या खोलीत दोन इंच मालाचा थर म्हणजे एक टनाहून जास्त वजन, आणि जुन्या इमारतीवर ते लादणं योग्य नाही. ॲडहेसिव्हने जमीन १२ ते १५ मिलिमीटर उचलते. त्यासाठी दारं खालून रंधावी लागतात. शिवाय गॅलरीचा उंबरा तेवढा ठेंगणा होतो, तिथून पावसाचं पाणी आत येणार नाही ना हे आधी तपासा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. आयएस १५४७७ हा मानक क्रमांक असलेलं ॲडहेसिव्ह घ्या, दातेरी थापीने जमिनीवर पसरवायला लावा आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही लावायला सांगा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये एक, अशी पद्धत आमच्याकडेही सुरू झाली होती. मी एक टाइल उचलायला लावली, खाली निम्मी जागा रिकामी होती. "ताई, सगळे असंच करतात," असं उत्तर मिळालं. त्या दिवशीचं काम मी परत करून घेतलं. जड वस्तू पडली की अशी पोकळ टाइल तिथेच फुटते.

दोन टाइलमध्ये निदान २ मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी राखणारे छोटे तुकडे, हवेत. फट न ठेवता खेटून लावलेल्या लाद्या उन्हाळ्यात ताणून वर उठतात. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात त्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरा, महाग पडतं, पण हळदीतेलाने पिवळं होत नाही. न्हाणीघराचा उतार मीटरमागे १ सेंटिमीटर असावा. टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर निदान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचं छत स्वतः बघा.

शेवटचा हप्ता देण्याआधी तेच नाणं पुन्हा घ्या. सगळी जमीन वाजवा, बोदा आवाज आला तिथे फुली, फुली तिथे बदल. न्हाणीघरात एक बादली पाणी ओता आणि ते जाळीपर्यंत जातं का बघा. उरलेल्या टाइल, एक अख्खं खोकं असेल तर फारच छान, माळ्यावर उभ्या करून ठेवा आणि खोक्यावर जाड पेनने खोलीचं नाव, बॅच, शेड आणि तारीख लिहा. पाच वर्षांनी प्लंबर एक टाइल फोडेल तेव्हा ती बाजारात मिळणार नाही.